कळीला विचारून घेतलेली बॅग

माझ्या खरेदीची थट्टा करायची आमच्या घरात जुनी पद्धत आहे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी अख्खी नोकरी तपासणी खात्यात काढली. आलेला माल उलटापालटा करायचा, मापं घ्यायची, खोट सापडली की परत पाठवायचा. ही सवय अंगात इतकी मुरली की साधी बादली घ्यायची तरी मी ती दुकानाबाहेर नेऊन उन्हात धरून बघतो. बायको पाहुण्यांना सांगते, "मला बघायला आले होते ना, तेव्हा मलासुद्धा उजेडात उभं केलं होतं." हे साफ खोटं आहे, पण ती ते इतक्यांदा बोलली आहे की आता नातेवाइकांना खरंच वाटतं.

तरी आजवर सगळ्यात जास्त वेळ मी ज्या वस्तूला लावला, ती म्हणजे एक गार ठेवायची बॅग. कापडासारखी मऊ, खांद्याला अडकवायची, आत बर्फाची पाकिटं ठेवायची. पेटीसारखी कडक नाही आणि तरी दिवसभर आतलं सगळं थंडगार ठेवते, असं तिच्यावरच्या कागदावर लिहिलेलं होतं. गंगापूर रोडला तेव्हा नवी नवी चकचकीत दुकानं उघडत होती, त्यातल्या एका दुकानाच्या काचेत ती टांगलेली होती. किंमत तीन हजारांच्या वर. पिशवीला तीन हजार! बायकोनं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "आत फ्रीज देतात का त्यात?"

फ्रीज देत नव्हते. पण मला ती बॅग सहलीला न्यायला नको होती. मला ती आईसाठी हवी होती.

आई फुलांच्या घरात जन्मली आणि फुलांच्याच घरात आली. शहर संपतं तिथं आमचा मळा होता, मोगरा, गुलाब आणि हंगामात शेवंती. उन्हाळ्यात सूर्य उगवायच्या आत मोगऱ्याची कळी खुडून व्हायची, मिटलेली, पांढरी, टपोरी. ती बाजारात मिटलेलीच पोचली तर तिला भाव, वाटेत उमलली तर विचारणारं कुणी नाही. त्यामुळे गारवा हा आमच्या घरात अभ्यासाचा विषय होता, आणि त्यात आईच्या तोडीचं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. मुंबईला जायचा माल ती स्वतः भरायची. टोपलीच्या तळाला बर्फाचे तुकडे, त्यावर जाड पेंढा, त्यावर ओलं करून पिळलेलं गोणपाट, आणि मग कळ्या. "बर्फ फुलाला लागता कामा नये," हे वाक्य मी बोलायला शिकण्याआधी ऐकलं असेन. भरलेल्या टोपलीवर ती पालथा हात टेकवायची आणि सांगायची, हिला अजून ओला कपडा लागेल, ही आहे तशी जाऊ दे. तिचा हात चुकला असं मला आठवत नाही. आमच्या कारखान्यात मापाची उपकरणं दर सहा महिन्यांनी तपासायला जायची, आईच्या हाताला ती गरज कधी पडली नाही.

पन्नाशीत तिला साखर निघाली आणि दोन वर्षांत गोळ्यांवरून इन्सुलिनवर आली. घरात रडारड आमची झाली, तिची नाही. तिनं नर्सकडून एकदा बघून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं इंजेक्शन स्वतः टोचायला लागली. बाटली फ्रीजमध्ये दाराच्या कप्प्यात, सुया डब्यात, वेळ घड्याळाबरहुकूम. मळ्यातून यायला उशीर होणार असेल तर एक लहान मडकं, त्यात ओली वाळू, त्यावर वाटी आणि वाटीत बाटली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आता माझ्या चुकीबद्दल सांगतो. ती सांगितल्याशिवाय बॅगेचं काही कळणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सटाण्याच्या बाजूला मामांच्या घरी लग्न होतं, ऐन मे महिन्यात, तीन दिवसांचा मुक्काम. आई मडकं न्यायला निघाली तर मी हसलो. म्हटलं, मी इंजिनिअर झालो तो कशाला? मोठ्या तोंडाचा थर्मास घेतला, पहाटे फ्रीजरमधला बर्फ ठेचून भरला आणि मधोमध बाटली रोवली. तेवढ्यात मला आईस्क्रीमचा पॉट आठवला. लहानपणी आमच्या वस्तीत सगळ्यांत मिळून एक लाकडी पॉट होता. मे महिन्यात तो घरोघर फिरायचा आणि आम्ही पोरं आळीपाळीनं त्याचा दांडा फिरवायचो. बर्फात जाडं मीठ टाकलं की बर्फ आणखी गार होतो आणि आतला आमरस घट्ट होतो, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मी दोन मुठी जाडं मीठ थर्मासमध्ये टाकलं आणि माझ्या हुशारीवर खूश होऊन झाकण लावलं.

दुपारी मामांच्या घरी थर्मास उघडला तर बाटली दगड झालेली. आतलं औषध गोठून पांढरं. मी ती बाटली गुपचूप मागच्या दाराला नेली, मुठीत धरली, उन्हात धरली. वितळलं, हलवलं, पुन्हा होतं तसं दिसायला लागलं. मनाला म्हटलं, पाणी गोठून वितळलं तर पाणीच राहतं ना? उरलेला बर्फ मी सांडून दिला, बाटली मामींच्या माठाशेजारी ठेवली आणि कुणालाही काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी आईला धरून जीपमध्ये बसवावं लागलं. घशाला कोरड, डोळे उघडत नव्हते, जीभ जड. नाशिकला आणलं तेव्हा साखर इतकी वर गेली होती की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. चार दिवस ती दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून विचारलं, "औषध नीट ठेवलं होतं ना? गोठलं वगैरे नव्हतं ना? गोठलेलं इन्सुलिन कामातून जातं."

मी म्हणालो, "नाही."

"मग उन्हानं गेलं असणार," ते म्हणाले. मी मान डोलावली.

त्या एका मान डोलावण्यानं पुढचे सात उन्हाळे आईला घरात बसवलं. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, उन्हाळ्यात गावोगाव फिरायचं नाही, औषध टिकत नाही, पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल. आणि लग्नकार्यं, वास्तुशांती, बारशी सगळी उन्हाळ्यातच. आईच्या सख्ख्या भाचीचं लग्न झालं, ती गेली नाही. मालेगावला माझ्या बहिणीनं घर बांधलं, सगळं गोत जेवून आलं, आईनं फोटो पाहिले. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "जाऊ दे, मी गेले काय, नाय गेले काय." आणि प्रत्येक वेळी मी दुसऱ्या खोलीत निघून जायचो. मला माझी लाज वाटायची. तरी बोललो नाही. लाज जितकी जुनी होत गेली तितकं बोलणं अवघड होत गेलं.

मग बॅग घेतली त्या वर्षी बहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले. मे अखेरीची तारीख. तिच्या सासूबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या, घरात बाईमाणूस नव्हतं, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून हलू नका म्हणून सांगितलेलं, म्हणजे नाशिकला आणायचाही प्रश्न नव्हता. आईनं तिकडं जायला हवं होतं. पण मालेगावात तेव्हा वीज दिवसातून इतके तास जायची की फ्रीज नुसतं कपाट झालं होतं.

आईनं मला "जाऊ का" असं विचारलं नाही. ती फक्त जुन्या सुती साड्या फाडून दुपटी शिवत बसली. रोज दोन. शिवून, धुऊन, घडी करून एका गाठोड्यात. ते गाठोडं माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर, खुंटीखाली ठेवलेलं असायचं. त्या गाठोड्यापुढून चार दिवस मी कामावर गेलो आणि पाचव्या दिवशी गंगापूर रोडच्या दुकानात शिरलो.

पहिल्या भेटीत मी चेन बघितली. जाड, दातांवर रबराची पट्टी, ओढताना घट्ट आणि एकसारखी. दुसऱ्या भेटीत अस्तर बघितलं. शिवण नव्हतीच, सांधे उष्णतेनं चिकटवलेले, म्हणजे पाणी गळायला वाट नाही. तिसऱ्या भेटीत भिंतीची जाडी दोन बोटांत दाबून पाहिली, दाबली की पुन्हा फुगायची. खरं सांगतो, एवढं नेटकं काम मी फार कमी वेळा पाहिलं आहे. बनवणाऱ्यानं कुठंही "चालतंय" म्हणून सोडून दिलं नव्हतं. थर्माकोलचा डबा त्यापुढं अगदीच स्वस्त, पण एसटीत एक धक्का बसला की त्याचा चुरा, आणि आत पाणी झालं की खालून टपटप. थर्मासचं तर मी नावही काढणार नव्हतो.

चौथ्या भेटीत दुकानदारानं हात जोडले. "साहेब, दोन दिवस घरी घेऊन जा. पाकिटंही न्या. पसंत पडली तर पैसे द्या, नाय तर आणून द्या. पण आता पुन्हा चेन नका उघडू."

मी बॅग घरी आणली, कारखान्यातून मागून आणलेला काटेवाला थर्मामीटर काढला आणि तो आत कुठं ठेवायचा याचा विचार करत बसलो. आई दाराशी येऊन बघत होती.

"हे काय बॉयलरचं घड्याळ आणलं का रे?"

"आतली गर्मी मोजायची आहे."

"त्याला काय कळतं? कळीला विचार की."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटेच तिनं मोगऱ्याच्या मूठभर कळ्या खुडून आणल्या. बॅगेत दोन्ही बाजूंना गोठवलेली पाकिटं लावली. मग तिनं कळ्यांचे तीन वाटे केले. एक पाकिटाला अगदी चिकटवून. एक टॉवेलाच्या चार घड्यांत गुंडाळून मधोमध. एक सगळ्यात वर, चेनच्या खाली. चेन ओढताना ती म्हणाली, "वा! लय गोड चालते." आणि अस्तरावरून पालथा हात फिरवून बघितला. "शिवलंय का चिकटवलंय?" मी म्हटलं, चिकटवलंय. "हुशार माणूस असेल," ती म्हणाली. माझ्या चार भेटींत मी जे शोधलं ते तिनं अर्ध्या मिनिटात बघितलं.

बॅग दिवसभर पत्र्याच्या पंपघरात ठेवली. तिथं दुपारी उभं राहवत नाही, मालेगावही त्यापुढं काही नाही. मी दर तासाला फेरी मारायचो आणि आई मला हाकलायची, "उघडू नको रे, बसू दे तिला गप."

दिवे लागायच्या आधी आम्ही ती उघडली. वरच्या कळ्या अर्ध्या उमलल्या होत्या. टॉवेलातल्या कळ्या पहाटे खुडल्या तशाच मिटलेल्या, टपोऱ्या. आईनं एक गालाला लावली आणि हसली. "ही जागा तुझ्या औषधाची," ती म्हणाली, जणू औषध मलाच घ्यायचं होतं.

मग तिनं पाकिटाला चिकटलेल्या कळ्या काढल्या. तपकिरी पडलेल्या, काचेसारख्या पारदर्शक, हातात घेताच लिबलिबीत. तिनं त्या माझ्या तळहातावर ठेवल्या.

"ऊन लागलं तर उमलते," ती म्हणाली. "हे बर्फाचं काम हाय."

एवढंच बोलून ती चूल बघायला गेली. मी पंपघराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. म्हणजे मला माहीत होतं. मामांच्या मागच्या दारी ती बाटली मुठीत धरली होती तेव्हाही मला कुठंतरी माहीत होतं. तिच्या हाताखाली वाढलो आणि तिचंच औषध मी करपवलं, वर दोष उन्हावर ढकलला.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी डॉक्टरांकडं गेलो. बॅग बरोबर होती. त्यांनी ती बघितली, चांगली आहे म्हणाले, पण मान हलवलीच. "मागच्या वेळचं विसरलात का? त्यांचं औषध गरमीत लगेच जातं."

"गरमीत गेलं नव्हतं," मी म्हणालो. "गोठलं होतं. मी बर्फात मीठ घातलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे सात वर्षं मी त्या माउलीला उन्हाळ्यात घरात कोंडलं, ते तुमच्या मिठामुळं?"

मी हो म्हणालो. त्यांनी मला चांगलंच झाडलं, आणि मला ते बरं वाटलं. मग कागद पुढं ओढून सगळं लिहून दिलं. बाटली टॉवेलात, पाकिटाला लावायची नाही, एक जास्तीची बाटली, रोज साखर तपासायची. मालेगावात वीज येईल तेवढ्या वेळात पाकिटं गोठवायची आणि वीज गेली की बाटल्या बॅगेत. शेवटी म्हणाले, "जाऊ द्या त्यांना." जाताना मी दुकानात थांबून पैसे देऊन टाकले. दुकानदारानं पावती फाडली आणि चेनकडं बोट दाखवून विचारलं, "एकदा बघायची का शेवटची?"

आजही लोक मला विचारतात, एवढी महाग बॅग घ्यावी का. ती अजून आमच्या घरात आहे, चेन तशीच चालते, अस्तराला एक चीर नाही. आई त्या वर्षी दीड महिना मालेगावला राहिली. त्या उन्हाळ्यात, त्या वीजकपातीत, तिची साखर एकदाही भलतीकडं गेली नाही. रोज पहाटे ती अंगणातल्या मोगऱ्याच्या वेलीची एक कळी टॉवेलात बाटलीशेजारी ठेवायची आणि संध्याकाळी बघायची. कळी मिटलेली असली की ती बहिणीच्या वेणीत, आणि सुई आईच्या हातात. भाची जन्मली तेव्हा तिला पहिलं दुपटं आईनं गुंडाळलं. तेव्हा घ्यावी, मी सांगतो, डोळे झाकून घ्यावी. मी असं सांगतो म्हटल्यावर घरात सगळे हसतात.

पण जाण्याच्या दिवशी स्टँडवर जे झालं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी पोचवायला येतो म्हणालो तर तिनं उडवून लावलं. "मी काय ल्हान पोर हाय? पुढं जावई येतोय न्यायला." सकाळची मालेगाव गाडी लागली. तिला खिडकीची जागा मिळाली. गाठोडं पायाशी, बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर. इतक्या वर्षांनी बाहेर निघाली होती आणि शाळकरी मुलीसारखी इकडं तिकडं बघत होती. डॉक्टर कसे तयार झाले हे तिनं मला एकदाही विचारलं नव्हतं. ड्रायव्हर चढला तसा माझा धीर सुटायला लागला. आत्ता नाही तर पुन्हा कधीच नाही, हे मला कळत होतं. मी खिडकीच्या गजाला धरलं.

"आई, मामांकडच्या लग्नात... तुझं औषध उन्हानं गेलं नव्हतं. मी बर्फात मीठ घातलं होतं."

ती माझ्याकडं वळली. चेहऱ्यावर राग नाही, नवल नाही.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "थर्मास मीच धुतला ना घरी आल्यावर. आत कडेला मीठ धरलं होतं."

गाडी सुरू झाली, पत्रा थरथरायला लागला. मी गाडीबरोबर चालत विचारलं, "मग सात वर्षं बोलली का नाहीस?"

तिनं खिडकीतून पालथा हात काढून माझ्या गालाला टेकवला, टोपलीवर टेकवायची तसा.

"तू सांगशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली.